राकेशच्या रक्तातली खूण कुठं गेली?

मृणाली मॅडमचा फोन आला तेव्हा सुवर्णा दिघाशीजवळच्या पाड्यावर काट्याला लटकवलेल्या एका बाळाचं वजन बघत होती. बाळ बोंबलत होतं, त्याची आई "सांभाळ गं, पाडशील" म्हणून ओरडत होती, आणि फोनमधून मॅडम त्या दोघांच्या वर आवाज चढवून बोलत होत्या.

"सुवर्णाताई, गेलं! सगळं गेलं! राकेशच्या रक्तात काहीच उरलं नाही!"

"म्हंजे? रक्तच न्हाय?"

"रक्त आहे हो! अँटिबॉडी नाहीत. सप्टेंबरात तीस पोरांत सगळ्यात जास्त त्याच्याच होत्या, आठवतंय ना? आता शून्य! आमच्याकडे असं एकाही मुलाचं झालेलं नाही. सोमवारी मोठ्या डॉक्टरांपुढे मी हेच मांडणार आहे. तुमच्या पाड्याचं नाव गाजणार, ताई!"

सुवर्णाला पाड्याच्या नावाचं काही पडलं नव्हतं. तिनं एका हातानं बाळाला आईच्या ओटीत घातलं आणि विचारलं, "मग पोरगा आजारी हाय का वो?"

"ते... हो, तेही बघायला हवं. तुम्ही जाऊन बघाल का?"

फोन ठेवायच्या आधीच सुवर्णानं चपला पायात सरकवल्या होत्या. बाळाचं वजन लिहायचं राहिलं ते राहिलंच.

सुवर्णा त्या भागातली आशाताई. दहावीला गणितात नापास झालेली, पण चौदा वर्षांत कुठल्या बाईला कितवा महिना आणि कुठल्या पोराचा कुठला डोस राहिलाय हे तिला कागद न बघता सांगता येई. चाल अशी की बरोबर निघालेल्या माणसाला पळावं लागे. आणि तिची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. तिला भलत्या वेळी हसू फुटे. एकदा तालुक्याच्या सभेत साहेब फार गंभीर होऊन बोलत होते आणि त्यांच्या मागे भिंतीवर पाल माशीवर झेप घेऊन चुकली, पुन्हा चुकली, तिसऱ्यांदा चुकली. सुवर्णाला बाहेर न्यावं लागलं. तिचा नवरा किशन वळ गावच्या गोडाऊनला माल चढवायला जातो. तो म्हणतो, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला तवापासून ही हसतेय. मी काय एवढा वाईट दिसत व्हतो?"

मृणाली मॅडमही तशा इथल्याच. बाप केसरीनाथ वळचा, गोडाऊनवाला. मुलगी शिकून मुंबईच्या एका संस्थेत डॉक्टर झाली आणि करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर गाडी घेऊन आपल्याच तालुक्यात आली. तिला पोरांचं रक्त हवं होतं. मोठी माणसं करोनात एवढी आडवी झाली, ऑक्सिजनवर गेली, आणि पोरं मात्र दोन दिवस शेंबूड गाळून पुन्हा विटीदांडू खेळायला लागली, हे कसं, याचा अभ्यास चालला होता. ज्यांचा स्वॅब एप्रिलात पॉझिटिव्ह आला होता अशी तीस पोरं निवडायची, घरटी एकच. एकदा सप्टेंबरात रक्त घ्यायचं आणि पाच महिन्यांनी पुन्हा.

पाड्यावरच्या बायांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "रक्त कुठं इकता?"

सुवर्णानं अंगणात खाट टाकली आणि आधी स्वतःचं रक्त काढून घेतलं. मग तिथंच बसून भाकरी खाल्ली. पण एवढ्यानं भागलं नाही. मॅडम अँटिबॉडी, पेशी, प्रतिकारशक्ती असं सांगायला लागल्या, तेव्हा बाया जांभया द्यायला लागल्या. शेवटी सुवर्णा मध्ये पडली.

"आपल्या पाड्याच्या कडेला कुत्री असतात का न्हाय? चोर आला की आधी कोन बघतंय? कुत्री. पोरांच्या नाकात तसली कुत्री असतात, समदी जागी, समदी तरणी. करोना आला की नाकातच त्याच्या पोटरीला धरतात. पाड्यातल्या मानसांना जाग पन येत न्हाय. आपल्या मोठ्यांची कुत्री म्हातारी, आळशी. चोर पार घरात घुसतो, चुलीपतूर जातो, मग मानसं उठतात आन् अंधारात काठ्या घेऊन सुटतात. चोराला कमी आन् आपलीच मडकी जास्त फुटतात. मानूस आडवा पडतो तो त्या मडक्यांपायी."

"आन् रक्त कशाला?"

"मानसं उठली तर चोराचं त्वांड ध्यानात ठेवतात. ती खून रक्तात ऱ्हाते. ती बघायला. ज्याच्या कुत्र्यांनीच काम भागवलं, त्याच्या रक्तात कदी खून सापडतच न्हाय."

मॅडमनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, हे आमच्या सरांना पाच वर्षं जमलं नाही." मग आपल्या सवयीप्रमाणे त्यांनी पुढं जोडलं, "अर्थात, एवढं सरळ नसतं ते." पण तोवर बायांनी पोरांना धरून रांग लावली होती. तिसातल्या आठ पोरांच्या रक्तात खरोखरच काही खूण निघाली नाही. बायडीच्या राकेशची मात्र सगळ्यात मोठी. बायडी महिनाभर पाड्यात ते सांगत फिरली, जणू पोरगं पहिलं आलं होतं.

आता त्याच राकेशची खूण गेली म्हणे.

सुवर्णानं स्कूटीला किक मारली. तिच्या स्कूटीचा हॉर्न वर्षापूर्वी मेला, म्हणून ती वाटेत स्वतःच ओरडते. "बाजू! बाजू! ये म्हशे, बाजू!" असं करत ती कामवारी नदीच्या काठानं निघाली. दिवाळी झाली की पाड्यावरची अर्धी घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बायडी आणि तिचा नवरा लडकूशेठच्या भट्टीवर होते. वाटभर तिच्या डोक्यात तेच. रक्तातलं सगळं गेलं म्हणजे पोराला काय झालं असेल? पांडुरोग? की त्याहून वाईट काही? आणि आपण तर बायडीला सांगितलं होतं, सुईनं काही होत नाही.

भट्टीवर पोचली तर राकेश पक्क्या विटांच्या थप्पीवर, पुरुषभर उंच, शिट्टी वाजवत उभा.

"खाली उतर! हळू! धाव नको!"

तो उडी मारून उतरला. सुवर्णानं त्याच्या डोळ्यांच्या पापण्या ओढल्या, जीभ बघितली, नखं दाबली, पोट चाचपलं, दहा उड्या मारायला लावल्या. त्यानं वीस मारल्या. बायडी चिखलाचा हात कमरेवर ठेवून बघत होती.

"काय गं, बैल इकत घेते का?"

"गप गं. राकेश, त्या दिशी सुई टोचल्यावर चक्कर आलती का?"

"मला कुठं टोचली?"

"माघात. मॅडमचा तो हितेशभाऊ आलता, रक्ताची पेटी घेऊन."

"मला न्हाय टोचली. धाकल्याला टोचली. त्याला बिस्कुट पन भेटलं आन् वाघाचा इष्टीकर पन. मला काईच न्हाय." हे सांगताना त्याचा ओठ लोंबला. एवढ्या दिवसांचं दुःख होतं ते.

सुवर्णानं हळूच मान वळवून बायडीकडे बघितलं.

"आगं, ह्यो त्या दिशी बकऱ्यांमागं गेलता," बायडी अगदी सहज म्हणाली. "तुझा हितेशभाऊ आला, नुसती घाई. राकेश कुठंय, राकेश कुठंय, बरफ इतळतोय. मी म्हनलं, उगाच पोराचा खाडा पडंल. मग धाकल्याला बशिवला. बदली दिली."

भट्टीवर काय किंवा भिवंडीत लूमवर काय, रीतच ती. नवरा तापानं पडला तर भाऊ ड्युटीला जातो, भाऊ गावी गेला तर मेहुणा. काम झालं पाहिजे, माणूस कुठला का असेना. धाकल्या राकेशहून दीड वर्षानं लहान. दोघांना एकाच ताग्याचे शर्ट, दोघांच्या तोंडावर मास्क. हितेशला पाच महिन्यांपूर्वी एकदाच बघितलेलं पोर कुठून ओळखू यावं?

"आगं पन रक्त त्याचं पायजेल व्हतं!"

"मंग धाकल्याचं कुठलं हाय? एकाच घरचं तर हाय!"

सुवर्णाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. ती विटांच्या थप्पीला टेकली, मग खालीच बसली. मुंबईची एवढी मोठी यंत्रं, एवढे शिकलेले डॉक्टर, त्यांनी राकेशची खूण कुठं गेली म्हणून जग पालथं घातलं, आणि खूण इथं थप्पीवर शिट्टी वाजवतेय! बायडीही हसायला लागली, का ते न कळता. राकेश हसला, धाकल्या कुठूनतरी पळत आला आणि सगळे हसताहेत म्हणून तोही हसला.

मग एकदम सुवर्णाचं हसू बंद झालं.

त्या दिवशी भट्ट्या चार होत्या आणि पेटीतला बर्फ दुपारपर्यंतच टिकणार होता. म्हणून हितेशला इथं पाठवून ती पलीकडच्या भट्टीवर गेली होती. संध्याकाळी त्यानं यादी पुढं केली. प्रत्येक नावापुढं छापलेलं, 'मुलाची ओळख मी स्वतः पटवली आहे', आणि पुढं सहीची जागा. सुवर्णानं तिसाच्या तीस सह्या एका दमात ठोकल्या. राकेशच्या नावापुढंही.

"काय झालं गं?" बायडीनं विचारलं.

"माजी सही हाय त्याच्यावर. मी बघितलं न्हाय आन् बघितलं म्हनून लिवलं."

"मंग सांगू नको. कोनाला कळतंय?"

खरंच कुणाला कळणार होतं? मॅडम खूश होत्या. पोरगा ठणठणीत होता. गप्प बसलं तर पाड्याचं नाव होणार होतं आणि बोललं तर आशाताईचं काम जाणार होतं. चौदा वर्षांचं काम. खोट्या सहीला तालुक्याला कुणी हसून सोडत नाही, पाल असो वा नसो. बायडी कच्च्या विटा उलटत पुढं गेली. एक रांग संपेपर्यंत सुवर्णा तशीच बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढं मृणाली मॅडम आल्या, सोमवारच्या, नवी साडी नेसलेल्या, मोठ्या डॉक्टरांपुढं उभ्या राहून नसलेली गोष्ट सांगणाऱ्या. पुढं त्या गोष्टीवरून आणखी कुणी औषध ठरवलं तर? पोरांच्या अंगातली खूण पाच महिन्यांत पार पुसते असं कुणी छापलं तर?

तिनं फोन लावला आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं.

"मॅडम?"

"सही तुमची आहे ना?"

"माजीच."

"उद्या येते," एवढंच म्हणून फोन कट झाला.

रविवारी सकाळी गाडी आली. मॅडमचं तोंड चढलेलं, हितेशचं उतरलेलं. मॅडमनी सुवर्णाला नमस्कारसुद्धा केला नाही. "राकेश कुठंय?"

राकेश समोरच होता. हितेशच्या हातातली पेटी बघून तो म्हणाला, "माजं झालं. धाकल्यानं माजं दिलं," आणि सुटला.

त्याच्या मागं हितेश, हितेशच्या मागं बायडी, बायडीच्या मागं भट्टीवरची बारा-पंधरा पोरं आणि तीन कुत्री. राकेश वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगांतून असा पळत होता की एका विटेला पाय लागला नाही. हितेशचा मात्र प्रत्येक विटेला लागला.

लडकूशेठ खुर्चीवरून उठला. "आरं ए पेटीवाल्या! माज्या इटा तुरवल्यास ना! काय गो सुवर्णा, ह्यो डाक्टर हाय का रेडा हाय?"

"धरा त्याला, शेठ, मग बोला!"

"मी धरू? माजे गुडघे कोन धरल?"

मॅडमनी वाट अडवायची ठरवली. त्या आडव्या पळत आल्या, "राकेश, थांब, फक्त एकदाच..." म्हणाल्या आणि माती भिजवायच्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत गेल्या. एक पाय वर काढला तर बूट आतच. तो शोधायला वाकल्या आणि सबंध बसल्याच.

सुवर्णानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आज हसायचं नाही, काही झालं तरी आज नाही. तिचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं.

"हसा," मॅडम खड्ड्यातून म्हणाल्या. "हसा ना, सुवर्णाताई. फुटाल नाहीतर." आणि त्यांना स्वतःलाच असं हसू कोसळलं की हात धरून वर ओढायला गेलेली सुवर्णाही हसता हसता आत गेली. राकेश दूर उभा राहून बघत होता. त्याला हसून हसून उचकी लागली, पोट धरून तो खाली बसला आणि हितेशनं शांतपणे जाऊन त्याच्या शेजारी पेटी उघडली. उचकीच्या दोन झटक्यांमध्ये रक्त निघालंसुद्धा. त्याला दोन वाघ मिळाले.

"माजं पन घ्या की," धाकल्या हात पुढं करून उभा.

"तुझं आहे माझ्याकडे," मॅडम बुटातला चिखल काढत म्हणाल्या. "फुकट गेलं ते. तू कुठल्याच यादीत नाहीस."

"यादीत हाय," सुवर्णा म्हणाली. "एप्रिलच्या. त्यांचा बाप पॉझिटिव्ह आला तवा घरातल्या समद्यांचे स्वॅब घेतले. राकेश पॉझिटिव्ह, धाकल्या पन पॉझिटिव्ह. मीच धरला व्हता त्याला. हितं चावला व्हता." तिनं मनगट पुढं केलं.

मॅडमचा हात बुटातच थांबला. दोघे भाऊ. एकच गोधडी, एकच ताट, एकाच आठवड्यात दोघांना लागण. एकाच्या रक्तात सगळ्यात मोठी खूण आणि दुसऱ्याच्या काहीच नाही.

"म्हणजे याच्या कुत्र्यांनी नाकातच..." त्या म्हणाल्या आणि लगेच मान हलवली. "नाही. तसं म्हणता येत नाही. याचं सप्टेंबरचं रक्त नाही आपल्याकडे. खूण कधी झालीच नाही की होऊन पुसली, आता कळायचं नाही. पण ताई, घरटी एकच पोर घ्यायचं हे आम्ही का ठरवलं असेल हो? दोन भाऊ शेजारी शेजारी बघायचं आमच्या डोक्यातच आलं नाही."

मग त्यांनी धाकल्याच्या रक्तासाठी कोरा कागद काढला आणि बायडीला सगळं नीट समजावून सांगितलं. बायडीनं दोनदा विचारलं, "हे राकेशच्या बदली न्हाय ना? ह्याचं सोताचं?" आणि मगच सही केली. परत निघताना मॅडम म्हणाल्या, "सहीचं मला लिहावं लागेल, ताई. लपवता येणार नाही."

"मीच लिवते," सुवर्णा म्हणाली. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिनं काय झालं ते सहा ओळींत लिहून दिलं. चिखलाचा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला तो तसाच राहिला.

सोमवार कसा गेला ते तिलाच माहीत. सकाळी चहात मीठ पडलं. लसीच्या सत्राला गेली ती आदल्या आठवड्याच्या गावी. दुपारी चारला फोन वाजला.

"राकेशची खूण जागेवर आहे," मॅडम म्हणाल्या. "थोडी उतरलीय, उतरायचीच. मी तिथं तुमचा कागद जसाच्या तसा वाचला."

"आन्?"

"मग आमचे सर, जे कधी हसत नाहीत, ते म्हणाले, या पाड्यावर आणखी धाकटे किती आहेत ते विचारा."

सुवर्णानं विचारलं, "आन् माजं काम?"

"पत्र येईल. जरा कडक आहे. पण काम आहे. धाकट्यांची यादी तुम्हालाच करायचीय, आणि या वेळी मी स्वतः तुमच्या शेजारी बसणार."

"बावीस हायेत," सुवर्णा ताबडतोब म्हणाली. "तेवीस. बायडीच्या नणंदेचं धरून."

पत्र आठ दिवसांनी आलं. किशन गोडाऊनवरून आला तर सुवर्णा नव्या साडीत, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि हातात ते पत्र प्लॅस्टिकमध्ये गच्च बसवलेलं, लॅमिनेशन करून, भिंतीवर जागा शोधत उभी.

किशननं ते अक्षर अक्षर लावून वाचलं. "सक्त ताकीद," तो म्हणाला. "आगं सुवर्णे, ही ओरड हाय. बक्षीस न्हाय."

"ठाऊक हाय."

"'पुन्हा असा निष्काळजीपणा झाल्यास...' हे भित्तीला लावते?"

"खाली वाच ना. 'आपण स्वतःहून चूक कळवल्यामुळे अभ्यासातील मोठी चूक टळली.' नाव बघ, समदं छापलंय. बापाचं पन." आणि ती हसायला लागली.

"खिळा कुठं ठोकू?" किशननं विचारलं.

तिनं हसता हसताच हात लांब करून जागा दाखवली, आणि हात इतका हलत होता की त्याला तीनदा विचारावं लागलं.